खुणेचा तेरडा

आबा,

तुम्ही हसाल, पण मी आता वाटाड्या झाले आहे. साठी उलटली, पोस्टातली नोकरी संपली, उजवा गुडघा कुरकुरायला लागला, आणि मग हे सुचलं. शनिवारी पहाटे उठून डबा भरते. तुमचे जावई मला स्कूटरवरून तळेगावहून टाकव्यापर्यंत सोडतात आणि निघताना दर वेळी एकच वाक्य ऐकवतात, "परत येताना वाट विचारत ये." पुढे जीप मिळाली तर जीप, नाहीतर दुधाची गाडी. गावात पोचते तेव्हा धाकट्याची बायको, म्हणजे तुमची सून आणि माझी वहिनी, चुलीवर चहा ठेवून वाट बघत असते. आम्ही दोघींनी मिळून हा उद्योग सुरू केला त्याला आता चार वर्षं झाली. पुण्यामुंबईची माणसं येतात, आम्ही त्यांना आपलं रान दाखवतो, आणि दुपारी गावातल्या दोघीतिघी त्यांना इंद्रायणीचा भात आणि पिठलं-भाकरी जेवू घालतात. तुम्ही असतात तर पहिल्या दिवशी म्हणाला असतात, "रान काय दावायचं? डोळं न्हाईत का त्यांना?" आणि दुसऱ्या दिवशी काठी घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायला लागला असतात.

वर्षभर काही ना काही चालू असतं. शिमग्याच्या आधी वनखात्याची माणसं जाळपट्टे काढतात. वणवा लागलाच तर पुढे सरकू नये म्हणून गवत कापून रुंद पट्टा मोकळा करतात. हल्ली शहरातली माणसं हौसेनं तेही करायला येतात. हातमोजे घालून येतात आणि विळा कुठल्या बाजूनं धरायचा हे मला विचारतात. वैशाखात करवंदं आणि जांभळं. जीभ जांभळी झाली की चांगले कपडे घातलेले साहेब एकमेकांना जीभ काढून दाखवतात. मे सरता सरता दिवेलागणीला काजवे निघतात, तेव्हा मी सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत गोळा करते आणि दोघंतिघं हमखास रुसतात. आषाढात आवणी. भात लावायला म्हणून येतात आणि चिखलात पहिला पाय घातला की किंचाळतात. वहिनी त्यांच्या वाकड्या ओळीकडे बघून म्हणते, "ऱ्हाऊ द्या, भाताला काय सरळ-वाकडं कळतंय," आणि ते गेल्यावर अख्खी ओळ उपटून पुन्हा लावते. भादव्यात फुलं बघायला पठारावर जायचं. दिवाळीच्या सुमारास भात कापणीला आला की आम्ही कुणालाच बोलवत नाही, कारण तेव्हा गावात कुणाला बोलायला सवड नसते. आणि थंडीत एखाद्या रविवारी तिकोणा. गडाच्या पायथ्याच्या पेठ गावातून चढायचं, बालेकिल्ल्यावर बसून पवनेच्या पाण्याकडे बघत डबे सोडायचे. वर मी सगळ्यांत शेवटी पोचते. तो माझा मानच आहे, असं वहिनीनं सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. मला हे सगळं मनापासून आवडतं, आबा. तीस वर्षं खिडकीमागे बसून तिकिटं विकली, त्यानंतर हे मिळालं, आणखी काय हवं?

पण पत्र लिहायला बसले ते हे सांगायला नाही. परवा भादव्यातल्या फेरीत वहिनी सहज एक वाक्य बोलून गेली, आणि तेव्हापासून मी तुमच्याशी मनातल्या मनात बोलते आहे. कालपासून तर मोठ्यानं बोलायला लागले, तेव्हा तुमचे जावई म्हणाले, "त्यापेक्षा लिहून काढ." म्हणून सकाळी ओटा आवरून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही घेऊन बसले आहे. विषय तोच, तुमच्या त्या चुकलेल्या दिवसाचा. तो विषय घरात कधीच निघाला नाही. तुम्ही काढला नाहीत, आणि मी कशाला काढते?

तुमचा वाटाड्याचा थाट मला अजून दिसतो. शेतीबिती होतीच, ती सगळ्यांनाच होती. पण आंदर मावळातून पठार ओलांडून खाली कोकणात उतरायचं, तर तुमच्याशिवाय पान हलत नव्हतं. पुण्याच्या कॉलेजातली, डोंगर चढायचं वेड असलेली माणसं तुम्हाला कार्डं पाठवायची. पत्त्यावर तुमचं नाव, त्यापुढे 'वाटाडे', मग गावाचं नाव. पोस्टमन आठवड्यातून एकदा यायचा आणि कार्ड देताना तो शब्द मोठ्यानं वाचायचा, म्हणजे पारावरच्या चौघांना ऐकू जाईल. कार्ड मी वाचून दाखवायची. "रविवारी आठ जण येत आहोत, आपण बरोबर याल का?" तुम्ही डोळे मिटून ऐकायचात आणि म्हणायचात, "परत वाच." उत्तरही मीच लिहायची. मजकूर ठरलेला असायचा, 'जरूर यावे.' ती सगळी कार्डं तुम्ही कणगीमागच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचात. मला पोस्टाची गोडी लागली ती त्या डब्यापासून. गावातली माणसं म्हणायची, "आबाला डोळं बांधून कड्यावर सोडा, जेवायच्या टायमाला घरी यील." तुम्ही वर वर ओरडायचात, "गप रं!" पण त्या दिवशी भाकरी एक जास्त जायची.

तुमची पद्धत मला पाठ होती. पुढे चालणाऱ्यानं पुढे कमी आणि मागे जास्त बघायचं. माणसं लांबली, धुकं उतरलं, तर जिथे वाट फुटते तिथे चुकीच्या वाटेवर डहाळी आडवी टाकायची, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून देठावर दगड ठेवायचा. मागून येणाऱ्यानं आडवी डहाळी दिसली की ती वाट सोडायची. लिहिणं नाही, रंग नाही, बाण नाही. जे हाताशी असेल ते टाकायचं. उन्हाळ्यात करवंदीची फांदी, पावसाळ्यात कारवी, आणि भादव्यात बहुतेक तेरडा, कारण तो उपटायला सोपा आणि त्याचा गुलाबी रंग धुक्यातही लांबून दिसतो.

आता तो दिवस. मी अकरा वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या. आपल्याकडे मुखवट्यांच्या गौरी नाहीत, तेरड्याच्याच. मुळासकट उपटलेला तेरडा पाण्यावर नेऊन धुवायचा आणि गौर म्हणून घरात आणायचा. पुण्याहून बारा जण आले होते. तुम्ही त्यांना घेऊन सकाळीच निघालात, आणि आईच्या भाकरी व्हायला उशीर झाला. तिनं फडक्यात वीस भाकरी बांधल्या, माझ्या डोक्यावर पावसाचं इरलं चढवलं आणि सांगितलं, "सोंडेवरनं जा, पठारावर गाठशील त्यास्नी. आन् येताना गवरीला तेरडा आण, चांगला भरगच्च बघून." डोंगराच्या सोंडेची वाट आडवाट, पण जवळची. मी पळतच चढले. वर धुकं इतकं होतं की मला माझे पाय दिसत होते आणि त्यापलीकडे काही नाही. खिंडीच्या अलीकडे जिथे वाट फुटते, तिथेच सोंडेची वाट येऊन मिळते. उजवीकडची वाट खिंडीतून कोकणात उतरते. डावीकडची गुरांची. ती रुंद आहे, मळलेली आहे, म्हणून नवख्याला तीच खरी वाटते, पण ती गवतातून थेट कड्यापर्यंत जाते आणि तिथे संपते. मी तिथे पोचले तेव्हा उजवीकडून, खिंडीच्या बाजूनं, तुमचा आणि त्या लोकांचा आवाज येत होता. आणि गुरांच्या वाटेवर तेरडा पडला होता. मुळासकट, खालपासून वरपर्यंत फुललेला. आईनं सांगितला होता अगदी तसा. कुणीतरी गौरीसाठी उपटला असेल आणि इथे पडला असेल असं म्हणून मी तो उचलला, इरल्याच्या आत पाठीशी खोचला, आणि भाकरी घेऊन तुमच्याकडे पळत सुटले.

तुम्ही खिंडीतल्या दगडावर बसला होतात. मला बघून म्हणालात, "आली माजी बाय." त्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तुम्ही माणसं मोजलीत. नऊ. तीन जण मागे होते, त्यांच्यातले वयस्कर सर आणि त्यांच्याबरोबर दोन मुली. थांबलो. भाकरीचं फडकं कुणी सोडलं नाही. बराच वेळ गेल्यावर तुम्ही उठलात, एकदा हाळी दिलीत, उत्तर आलं नाही, आणि तुमचा चेहरा बदलला. तो चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. तुम्ही धावत मागे गेलात, मी तुमच्या मागे. गुरांच्या वाटेवर पुरुषी बुटांचे ठसे उमटले होते. तुम्ही हाळी देत देत गेलात आणि ते सापडले कड्याच्या अगदी अलीकडे, कारवीच्या झुडपाला धरून बसलेले. सरांचा पाय मुरगळला होता म्हणून ते थांबले होते. पाय मुरगळला नसता तर ते चालतच राहिले असते. त्यांना पाठुंगळी घेऊन तुम्ही वाट फुटते तिथपर्यंत आलात, तोवर बाकीचे तिथे येऊन उभे होते.

त्यांचा पुढारी चष्मेवाला, विशीतला होता. तो ओरडला, "खूण ठेवतो म्हणाला होतात ना? माणूस गेला असता आज!" तुम्ही सरांना खाली बसवलंत, वाटेपाशी गेलात, वाकून जमिनीकडे बघितलंत. बराच वेळ बघितलंत. मी इरल्याखाली उभी होते. तेरड्याच्या मुळांचा गार चिखल माझ्या पाठीला लागत होता, आणि त्या क्षणी मला सगळं कळलं. मी तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं. मी उघडलं नाही. तुम्ही सरळ झालात आणि म्हणालात, "व्हय सायेब. खूण ऱ्हायली. माझी चूक हाय." मग त्यांचा पुढे जायचा बेतच मोडला. सगळे परत गावात आले आणि दुपारच्या एसटीनं गेले. भाकरी तशाच परत आल्या. आईनं विचारलं, "का वं, आवडल्या न्हाईत?" तुम्ही म्हणालात, "भूक न्हवती त्यांस्नी."

दुसऱ्या दिवशी गौरी आल्या. आईनं तोच तेरडा पाण्यावर नेला, धुतला, हळदीकुंकू लावून आणला आणि सगळ्या आळीला सांगितलं, "माझ्या लेकीनं आणलाय, बघा केवढा फुललाय." तुम्ही गौरीपुढे वाकलात आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिलात. मला वाटलं, तुम्ही कालच्या चुकीची माफी मागताय. मला इतकं रडू आलं की मी गोठ्यात जाऊन बसले. म्हटलं, उद्या सांगू. मग उद्याचं परवा झालं, आणि गौरी गेल्या. त्यानंतर सांगायचं, तर "तेव्हाच का नाही बोललीस?" हे आलंच असतं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. पुण्याची कार्डं बंद झाली. दिवाळी गेली, संक्रांत गेली, पोस्टमन यायचा आणि आपल्या दारावरून पुढे जायचा. पारावरची माणसं चांगलीच होती, पण जीभ कुणाची थांबते? "आबा, जपून, तुमचं घर या अंगाला हाय." तुम्ही हसून साजरं करायचात. मी मात्र त्या माणसांचा राग राग करायची. खरा राग कुणाचा होता ते मला माहीत होतं. डबा कणगीमागे तसाच राहिला. मी एकदा तो काढून बघितला, कार्डं ओल लागून एकमेकांना चिकटली होती. पुढे दोन-तीन वर्षांनी दुसरी माणसं यायला लागली, तुम्हीही जायला लागलात, पण आधीसारखं डोळे मिटून "परत वाच" तुम्ही कधी म्हणाला नाहीत. माझ्यामुळे तुमचं नाव गेलं आणि मी बघत राहिले, एवढं एकच ओझं मी तुमच्या घरातून सासरी नेलं. नोकरी झाली, संसार झाला, मुलं मोठी झाली, तुम्ही गेलात त्यालाही अठरा वर्षं होत आली. ते काही हललं नाही.

आता परवाचं सांगते. हिंजवडीच्या एका कंपनीतली अकरा माणसं आली होती, त्यात दोघी अशा गप्पिष्ट की दर फुलापाशी थांबायच्या. पठारावर धुकं उतरलं. वाट फुटते तिथे आलो तेव्हा त्या दोघी बऱ्याच मागे होत्या. मी सवयीनं खाली वाकले, हाताशी आला तो तेरडा उपटला आणि गुरांच्या वाटेवर आडवा टाकला. वहिनी माझ्या शेजारीच होती. एरवी खूण तीच टाकते, मी फक्त दगड शोधून देते. तिनं तो तेरडा लगेच उचलला आणि बाजूला ठेवला.

"वन्सं, फुलाची नगं. वाळकी काठी टाका."

"अगं, धुक्यात वाळकी काठी कुणाला दिसणार? हा रंग कसा लांबून दिसतो."

"दिसतो म्हनूनच नगं. आबांनी सांगितलंय मला. फुलाची खूण टाकायची न्हाई. सणाच्या दिसांत एखादी पोर येती आन् गवरीला उचलून नेती."

मी विचारलं, "कोणती पोर?"

"आता मला काय ठावं? मी नवी नवरी व्हते, सरपनाला गेलतो तवा म्हनले. मी पन असंच इचारलं. तर हसले, म्हनले, हाय एक. लय गुणाची हाय. पन गवर दिसली की तिला वाट दिसत न्हाई." असं म्हणून वहिनीनं एक वाळकी काठी शोधली, आडवी टाकली, आणि वर बघितलं तर मी वाटेतच बसले होते. "काय झालं? गुडघा का?" मी म्हटलं, "हो, गुडघा." आणि मग मला हसू यायला लागलं, आणि हसता हसता रडू. ती बिचारी माझा गुडघा चोळत बसली. मागून त्या दोघी आल्या, काठी बघून नीट उजवीकडे वळल्या आणि मला विचारलं, "काकू, पेनकिलर देऊ का?" मी ती घेतली. नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं, आबा. वाकून बघितलंत तेव्हाच कळलं असेल, नाहीतर गौरीपुढे. तिथून सगळं उलगडत गेलं, आणि जे उलगडलं ते आठवून माझी मलाच लाज वाटली. त्याच वर्षी दसऱ्याला तुम्ही वडगावच्या बाजारातून माझ्यासाठी कॅनव्हासचे पांढरे बूट आणलेत, एक नंबर मोठे. घरात कुणालाच बूट नव्हते. आईनं विचारलं, "हे कशाला?" तर तुम्ही म्हणालात, "ती येनार हाय माझ्यासंगं." मी तेव्हा काय विचार केला माहीत आहे? ह्यांना कळलेलं दिसत नाही, कळलं असतं तर बूट कशाला आणले असते. त्या हिवाळ्यात गावातली माणसं खाली कोकणात सोयरिकीला निघाली आणि तुम्ही मला बरोबर घेतलंत. बुटांची नाडी बांधता बांधता, माझ्याकडे न बघता सांगितलंत, "मी म्होरं. तू शेवटाला चालायचं. शेवटचा मानूस गेला, की मगच खूण उचलायची. तवर हात लावायचा न्हाई." मी मान हलवली. तुमचा चेहरा नाडीकडेच होता. त्यानंतर लग्न होईपर्यंत, जेव्हा जेव्हा गेले तेव्हा तेव्हा मी शेवटी चालले. खूण उचलून बाजूला टाकायचं काम माझं. आणि हो, तेव्हापासून त्या खुणा वाळक्याच असायच्या. ऐनाची काठी, कुड्याची काठी. मी शेकडो वेळा उचलल्या असतील. एकदाही वाटलं नाही की विचारावं, ह्या वाळक्या का?

थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू. सुनेला सांगितलंत, मला नाही. पस्तीस वर्षं आपण एकमेकांसमोर बसून चहा प्यायलो. मी सुट्टीला यायची, तुम्ही अंगणात बसून पोस्टातल्या गमती विचारायचात, आणि दोघांच्याही मनात तोच तेरडा. तुम्ही नुसतं "मला ठाऊक हाय" म्हटलं असतं तर मी त्याच दिवशी मोकळी झाले असते. पण काल भांडी घासताना वाटलं, तुम्ही वाट बघत असाल. पुढे चालणाऱ्यानं मागे बघायचं, ही तुमचीच पद्धत ना. मी आपणहून येईन, सांगेन, म्हणून थांबला असाल. मागच्याला यायला वेळ लागला, एवढंच. आणि गुणाची म्हणालात. अगदी याच शब्दांत म्हणालात, असं वहिनीनं मी तीनदा विचारल्यावर तीनदा सांगितलं. शेवटी ती वैतागली, "लय गुणाची म्हनले वो, किती येळा सांगू?" आबा, मला पासष्टाव्या वर्षी इतकं बरं वाटलं की घरी येताना जीपमध्ये मी ड्रायव्हरच्या गाण्यावर ठेका धरला.

त्या दिवशी सगळे उजवीकडे वळल्यावर मी मागे राहिले. वाळकी काठी उचलून बाजूला टाकली. वहिनीनं ठेवलेला तेरडा तिथेच होता. शेवटचा माणूस पुढे गेला होता, म्हणून तो मी घेतला. दुसऱ्याच दिवशी गौरी होत्या. तळेगावात आमच्या सोसायटीत सगळीकडे मुखवटे, साड्या, दिव्यांच्या माळा. माझ्याकडे तेरडा. नातसून नवी आहे, तिनं विचारलं, "आजी, ही कुठून आणली?" म्हटलं, "माहेरच्या वाटेवर होती." मग तिला सगळी गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. ती ऐकत होती आणि मी न अडखळता सांगत होते. वहिनीलाही पुढच्या शनिवारी सांगणार आहे. ती एवढंच म्हणेल, "म्हंजी ती पोर तुमीच व्हय!" आणि आठवडाभर सगळ्या गावाला सांगत सुटेल. सांगू दे. पारावर आता नवी माणसं बसतात, पण त्यांच्या बापांनी ऐकवलेलं त्यांना आठवत असेल. आबाची खूण ठेवायची राहिली नव्हती, हे गावाला कळायलाच हवं.

पत्र संपवते. टाकणार नाहीच, कुठे टाकू? पत्ता नसलेली पत्रं कुठे जातात हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? ही वही ओट्याखालच्या खणात, वाणसामानाच्या याद्यांबरोबर राहील. पण जाता जाता एक दुरुस्ती करायची आहे. वर मी लिहिलं की तेरडा वाटेत पडला होता. नातसुनेलाही तसंच सांगितलं. पडला नव्हता, आबा. देठावर दगड होता, चपटा, ओला. तो तुम्ही ठेवलेला आहे हे मला कळलं होतं. खिंडीतून तुमचे आवाज येत होते, वाटलं, सगळे पुढे गेलेत, आता खुणेचं काय काम? मी तो दगड दोन्ही हातांनी उचलला आणि आवाज न करता बाजूला ठेवला. तुम्ही वाकून बघत होतात तो तोच दगड होता. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं.